३ महिन्यांचं बाळ जागं असताना नेमकं काय करायचं?

अनुस्वार
मुलगी १३ आठवड्यांची आहे. जन्म ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर लगेच. वजन नीट वाढतंय, तपासणीत सगळं ठीक आहे. आता एका वेळी तासभर तरी जागी असते आणि त्या तासाचं काय करायचं यावर जितकी तोंडं तितकी मतं. जाणकारांनी मुद्द्यावर सांगावं:

१. पालथं घातलं की मिनिटभरात भोकाड. रोज किती वेळ घालायचं आणि कसं?
२. मान सतत उजवीकडे. आपण सरळ केली तरी पुन्हा तिकडेच.
३. काळ्या-पांढऱ्या चित्रांची कार्डं आणली आहेत. किती वेळ दाखवायची?
४. शास्त्रीय संगीत किंवा बालगीतं लावून ठेवण्याचा काही उपयोग? टीव्ही तसाही चालूच असतो.
५. बाउन्सर आहे, वॉकरही भेट आलाय. कधी वापरायचे?
६. अॅप म्हणतं, ३ महिन्यांच्या बाळाने पालथं असताना छाती उचलायला हवी. ही डोकंच जेमतेम उचलते.

मणका
सहावा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे. ४० वजा ३६ म्हणजे ४, आणि १३ वजा ४ म्हणजे ९. विकासाचे टप्पे बघताना ती ९ आठवड्यांची आहे असं धरा. हे सुधारित वय साधारण २ वर्षांची होईपर्यंत वापरायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, तिथे वजाबाकी नाही. २ महिन्यांचं बाळ पालथं असताना डोकं साधारण ४५ अंश उचलतं, काही सेकंद धरतं आणि सोडून देतं. तुमची मुलगी तेच करतेय. अॅपमध्ये अपेक्षित प्रसूतीची तारीख टाकायची सोय असेल तर ती टाका, नाहीतर सूचना बंद करा.

आता पालथं घालणं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचा सल्ला असा, की पहिल्या दिवसांपासून दिवसातून २-३ वेळा ३ ते ५ मिनिटं सुरुवात करावी आणि ७ आठवड्यांपर्यंत दिवसाची बेरीज १५ ते ३० मिनिटांवर न्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, अजून न रांगणाऱ्या बाळासाठी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं सांगितली आहेत. इथे 'मिळून' हा शब्द महत्त्वाचा. सलग ३० मिनिटं कुणीच मागत नाही. एक-एक मिनिटाचे १५ तुकडे केले तरी चालतात, आणि तुमच्या मुलीसाठी सध्या तेच बरं.

मिनिटभरात रडण्याची कारणं बहुतेक वेळा मांडणीत असतात. एकेक तपासा.

पृष्ठभाग: मऊ गादीत कोपर रुततं, ढकलायला आधारच मिळत नाही. जमिनीवर सतरंजी आणि वर एक ताणलेली चादर, इतकंच हवं.

हात: पालथं घालताना हात अंगाखाली किंवा मागे अडकतात. मग डोकं उचलणं जवळपास अशक्य होतं आणि तोंड चादरीवर दाबलं जातं. कोपरं खांद्यांच्या रेषेत किंवा थोडी पुढे हवीत.

वळकटी: हात पुसायचा छोटा टॉवेल घट्ट गुंडाळून ५-६ सेंमी जाडीची वळकटी करा. ती छातीखाली, काखांच्या रेषेत आडवी ठेवा, दोन्ही हात वळकटीवरून पुढे येऊ द्या. हमखास होणारी गडबड म्हणजे वळकटी पोटाखाली सरकते. तसं झालं की डोक्याकडची बाजू खाली जाते आणि काम सोपं व्हायच्या ऐवजी दुप्पट अवघड होतं, शिवाय पोटावर दाब येऊन दूध वर येतं.

वेळ: दूध पिऊन अर्धा तास तरी झालेला असावा, पण पुढच्या भुकेची वेळ जवळ आलेली नसावी. लंगोट बदलल्यानंतरची दोन मिनिटं सगळ्यात सोयीची, कारण बाळ तसंही खाली ठेवलेलंच असतं.

तुम्ही: तिच्यासमोर स्वतः पालथे झोपा, चेहरा चेहऱ्यासमोर, २०-३० सेंमीवर. वरून हाक मारलीत तर तिला मान नको तितकी मागे टाकावी लागते.

एवढं करूनही जमिनीवर नकोच म्हणत असेल, तर तुम्ही पाठीमागे उशा लावून ४५ अंशांत रेला आणि तिला छातीवर पालथं घ्या. तिरकं असल्यामुळे डोकं उचलायला कमी जोर लागतो. दर २-३ दिवसांनी तुम्ही थोडे अधिक आडवे व्हा. मांडीवर आडवं पालथं घेणं किंवा हातावर पोट टेकवून फिरवणं हेही बेरजेत धरायचं. कुरकुर सुरू झाली की उचला, भोकाडाची वाट बघू नका. रडवून सराव केला तर दोन-चार दिवसांत चादर दिसली की रडं सुरू होतं.

हे सगळं जागेपणी आणि तुमची नजर असताना. डोळा लागला की लगेच उताणं करायचं. झोप नेहमी पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, उशी नाही.

मानेचं जरा सविस्तर लिहितो, तेवढी सवड द्या.

कानोसा
मणका मानेचं लिहितोय तोवर चौथा प्रश्न.

टीव्ही बंद करा. कुणी बघत नसतानाही तो चालू असला की घरातली मोठी माणसं बाळाशी कमी बोलतात, हे मोजून बघितलेलं आहे. शिवाय लहान बाळाला गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणं आपल्यासारखं जमत नाही, त्यामुळे तुमचे शब्द त्या कालव्यात हरवतात. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या वर्षी स्क्रीन शून्य ठेवायला सांगते. लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलला बहुतेक तज्ज्ञ सूट देतात, कारण पलीकडचं माणूस तिच्या हुंकाराला उत्तर देतं.

उत्तर मिळणं हीच इथली मुख्य गोष्ट आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली होती. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून १२ वेळा ऐकलेली बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तेच बोलणं पडद्यावरून किंवा नुसतं ध्वनिमुद्रित ऐकलेली बाळं काहीच शिकली नाहीत. याआधी १९८४ मध्ये वर्कर आणि टीस यांनी दाखवलं होतं, की इंग्रजी घरातल्या ६-८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट यांतला फरक ऐकू येतो आणि १०-१२ महिन्यांपर्यंत तो पुसट होतो. आपल्या बाळांचा तो फरक टिकतो, कारण त्यांना तो रोज माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतो.

प्रत्यक्ष कसं करायचं? बाळ शांत आणि टक्क जागं असताना चेहरा जवळ न्या, एक छोटं वाक्य जरा उंच पट्टीत, स्वर लांबवत बोला आणि थांबा. मनात पाच आकडे मोजा. या वयात उत्तर यायला वेळ लागतो आणि ते 'अऽऽ', 'गूं', पाय झाडणं किंवा नुसतं तोंड उघडणं असू शकतं. आलं की तिचाच आवाज तिला परत द्या, मग पुन्हा थांबा. बहुतेक मोठी माणसं चुकतात ती इथेच: दोन सेकंदांत पुढचं वाक्य, लगेच खुळखुळा, लगेच टाळ्या. तिची पाळी येतच नाही.

उलट टोकही वाईट. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग आहे. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग काही मिनिटं निर्विकार चेहऱ्याने बघत बसायचं. बाळं आधी हसून, हात हलवून तिला परत आणायचा प्रयत्न करतात आणि जमलं नाही की तोंड फिरवतात. मांडीवर बाळ आणि नजर मोबाइलमध्ये हा प्रकार त्याच्या फार लांबचा नाही.

शास्त्रीय संगीताने बुद्धी वाढते ही समजूत १९९३ च्या एका अभ्यासातून आली. तो ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर होता, परिणाम १०-१५ मिनिटं टिकला आणि त्यात एकही बाळ नव्हतं. तुम्हाला आवडतं म्हणून गाणी लावा, पण हळू आवाजात आणि दिवसभर नाही. तुम्ही स्वतः गुणगुणलेलं उत्तम, सूर गेला तरी.

श्रवण चाचणीचा कागद शोधून ठेवा. महिन्याच्या आत चाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपाय सुरू, असा सर्वमान्य क्रम आहे. चाचणी झालीच नसेल तर या आठवड्यात करून घ्या. घरी मागून टाळी वाजवून बघण्यावर विसंबू नका. हवेचा झोत, सावली, जमिनीचा कंप यांनीही बाळ दचकतं. आणि ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला हुंकार देतात. फरक दिसतो तो पुढे, 'बाबाबा', 'ददद' अशी अक्षरांची माळ यायला हवी तेव्हा. जन्मानंतर ५ दिवसांपेक्षा जास्त अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा काविळीसाठी रक्त बदलावं लागलेल्या बाळांची चाचणी पास झाली तरी पुन्हा करायची असते.

मणका
हं, मान.

आधी घरी एवढं बघा. ती उताणी असताना चेहऱ्यापासून २५ सेंमीवर तुमचा चेहरा किंवा एखादी ठळक वस्तू धरून हळूहळू डावीकडे न्या. हनुवटी डाव्या खांद्यापर्यंत पोचते का? हात लावून डोकं फिरवू नका, तिने स्वतः फिरवायला हवं. दुसरं, समोरून सरळ फोटो काढा आणि एक कान खांद्याकडे झुकलेला दिसतो का पाहा. तिसरं, न्हाऊ घातल्यावर केस ओले असताना वरून डोकं बघा: मागची उजवी बाजू चपटी झालीय का, उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकलाय का.

हनुवटी पोचत असेल तर ही नुसती सवय आहे आणि ती मोडायला खोलीची मांडणी बदलणं पुरेसं असतं. बाळ नेहमी उजेडाकडे, दाराकडे किंवा तुमच्या अंथरुणाकडे बघतं. तिचं डोकं आज ज्या टोकाला, उद्या त्याच्या विरुद्ध टोकाला. आपोआप तिला डावीकडे वळावं लागेल. लंगोट बदलताना तिच्या डाव्या बाजूला उभे राहा, कडेवर घ्यायची बाजू बदला, बाटली असेल तर हातही बदला. पालथं असताना खेळणं डावीकडे.

हनुवटी पोचत नसेल, कान झुकलेला असेल, मानेच्या बाजूला गोळी हाताला लागत असेल किंवा चपटेपणा दिसत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन फिजिओथेरपी सुरू करा. मानेचा आखडलेला स्नायू पहिल्या काही महिन्यांत लवकर मोकळा होतो, पुढे जास्त वेळ घेतो. ताण द्यायचे व्यायाम प्रत्यक्ष शिकूनच करायचे, व्हिडिओ बघून नाही. डोकं गोल करणाऱ्या खळग्याच्या उशा मिळतात, त्या झोपेत वापरू नका. तोंड-नाक झाकलं जाण्याचा धोका असतो.

अनुस्वार
दोघांचेही आभार. वळकटी पोटाखालीच लावत होतो! हनुवटी डावीकडे पोचते, पण हळू. कार्डांचं कुणी सांगेल का? अर्धा मिनिट बघते आणि मान फिरवते. मी कार्ड तिकडे नेतो, की पुन्हा फिरवते.

दुपटं
मग नेऊ नका, मान फिरवणं म्हणजे 'पुरे'. ती वर्गातून उठून गेलीय आणि शिक्षक मागोमाग वऱ्हांड्यात आलेत, असं होतंय ते. पुरे झाल्याच्या बाकी खुणा: जांभई, उचकी, बोटं ताठ फाकवणं, कपाळाला आठ्या, पाठीची कमान. यातली एखादी दिसली की वस्तू खाली, आवाज खाली, अर्धा-एक मिनिट काहीच नाही. पुन्हा तुमच्याकडे बघितलं तर पुढे चालू, नाहीतर छातीशी धरा.

कार्डांमागचं कारण साधं आहे. नवजात बाळाला २०-३० सेंमीवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, बाकी धूसर, आणि गडद-फिकट रंगांची सीमारेषा नजर खेचून घेते. चेहऱ्यावरच्या केसांच्या रेषेवर, डोळ्यांवर लहान बाळ खिळून राहतं ते त्यामुळेच. म्हणजे फुकटचं कार्ड तुमच्या धडावर आहेच. छापील कार्डं वाईट नाहीत, पण उपयोग एवढाच: २५ सेंमीवर धरा, नजर टेकली की अगदी सावकाश आडवं सरकवा, नजर सुटली की थांबा. तिच्या सुधारित वयाला नजर मध्यरेषा ओलांडून पलीकडे जायला लागते. आडवं जमल्यावर उभं, मग गोल. लाल-हिरवा फरक २ महिन्यांच्या आसपास कळू लागतो, तेव्हा काळ्या-पांढऱ्याचा हट्ट आता सोडला तरी चालेल.

एक खूण लक्षात ठेवा. डोळे अधूनमधून तिरळे होणं सुधारित ४ महिन्यांपर्यंत चालतं, कायम तिरळा राहणारा डोळा कोणत्याही वयात दाखवायचा. आणि फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसली तर वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

चौकस
पाचवा प्रश्न राहिलाय.

वॉकर: कधीच नाही. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. त्यात बाळ सेकंदाला मीटरभर जातं, तुमचा हात पोचायच्या आत जिना, गॅस किंवा टेबलावरची गरम कपबशी त्याच्यापर्यंत पोचते. चालायला शिकवतो हेही खोटं. बाळ चवड्यांवर ढकलत राहतं, तोल सावरायचं काम वॉकर करतो आणि ताटामुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. चाकं काढून ठेवा, कुणाला देऊही नका.

बाउन्सर: तुम्हाला दोन हात मोकळे हवे असतील तेव्हा, पट्टा लावून, जमिनीवर. ओट्यावर किंवा पलंगावर ठेवलेला बाउन्सर बाळाच्या हालचालीने सरकतो. बांधून ठेवण्याची कोणतीही सोय, मग ती खुर्ची असो की ढकलगाडी, सलग तासापेक्षा जास्त नको. दोन-तीन उपकरणांची मिळून बेरीज करून बघा, आकडा धक्का देतो. झोप लागली तर उचलून सपाट जागी. १० अंशांपेक्षा जास्त उतारावर हनुवटी छातीवर पडून श्वासनलिका दबू शकते.

आता हातांचं, कारण पुढच्या दोन महिन्यांतली खरी मजा तिथे आहे. सध्या तिच्या मुठी सैल होत असतील. बारीक दांड्याचा हलका खुळखुळा तळहातावर टेकवा, ती धरेल, तोंडावर मारून घेईल आणि सोडेल. म्हणून हलका. सुधारित ३-४ महिन्यांत दोन्ही हात छातीसमोर एकत्र येतात. यासाठी उताणं ठेवून खेळणं छातीच्या वर धरा, डोक्याच्या वर नाही. ४-५ महिन्यांत हात नेमका पुढे जातो, ६ च्या आसपास वस्तू एका हातातून दुसऱ्यात, ९-१० ला अंगठा आणि तर्जनीची चिमूट. एका वेळी एक-दोनच वस्तू पुढ्यात ठेवा. दहा ठेवल्या तर एकीलाही धड चोखून, आपटून, उलटून बघितलं जात नाही.

वस्तूचा आकार: खेळण्यांच्या तपासणीत ३.१७ सेंमी व्यासाची नळी वापरतात, त्यात पूर्ण मावणारा तुकडा बाळाला नाही. घरी टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी वापरा, ती थोडी मोठी असते म्हणजे चूक सुरक्षित बाजूला होते. बटण सेल आणि छोटे चुंबक असलेली खेळणी घरातच नकोत. गिळलेला बटण सेल २ तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

बिनघाई
इतकं सगळं वाचून वेळापत्रक करायला बसू नका. आंघोळ, लंगोट, कपडे, दूध यातच दिवसाचे कित्येक तास जातात आणि मणका, कानोसा यांनी सांगितलेलं सगळं त्यातच बसतं. 'आता उजवा हात बाहीत' म्हणा, थांबा, हात हलला की घाला. आठवड्याभरात तिला पुढचं ठाऊक होतं. रोज त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. बाळाला नावीन्यापेक्षा अंदाज बरोबर येण्याची गंमत जास्त. पुढे ६-७ महिन्यांत वस्तूवर रुमाल टाकून लपवायचा खेळ रंगतो तो त्याच कारणाने. आधी अर्धी वस्तू दिसू द्या, नंतर पूर्ण झाका. ८-१० महिन्यांचं बाळ एका रुमालाखाली दोनदा सापडलेली वस्तू डोळ्यांदेखत दुसऱ्या रुमालाखाली ठेवली तरी पहिल्यातच शोधतं. बिघाड नाही तो, वयच तसं आहे.

चौकस
बिनघाईला अनुमोदन. फक्त 'आपोआप येईल सगळं' असा अर्थ कुणी काढू नये म्हणून जोडतो. सुधारित वयाने, पुढील गोष्टींत थांबायचं नाही: ३ महिन्यांत माणसाकडे बघून हसू नाही; ४ महिने संपत आले तरी मान लटपटते किंवा मुठी सतत आवळलेल्या; ९ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही; ९-१० महिन्यांत अक्षरांची माळ नाही, नावाला वळत नाही; वर्षाचं झालं तरी बोट दाखवणं, हात हलवणं, उचल म्हणून हात वर करणं यातलं काहीच नाही. एकाच बाजूचा हात-पाय वापरणं कोणत्याही वयात. वर्षाच्या आत पक्का उजवा किंवा डावा हात ठरला, तर ती हुशारी नसून दुसऱ्या हाताची तपासणी करायची वेळ. आणि येत असलेली गोष्ट यायची थांबली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

रांगण्याची मात्र चिंता नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अभ्यासात ४.३ टक्के निरोगी बाळं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, आणि स्वतंत्र चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद निघाला.

अनुस्वार
वॉकरची चाकं काढली. शेवटची शंका, वळकटी किती दिवस लावायची?

मणका
कोपरांवर भार देऊन छाती स्वतः उचलेपर्यंत. तिच्या बाबतीत सुधारित ३ ते ४ महिने, म्हणजे आजपासून साधारण ४ ते ८ आठवडे. मधेच एक दिवसाआड बिनवळकटीचं मिनिटभर करून बघत जा. डोकं उचलून ती दोन्हीकडे फिरवू शकली, की वळकटी काढा. नंतरही ठेवलीत तर तीच आडवी येते, बाळाला वळायचं असतं आणि काखेखालचा टॉवेल वळू देत नाही.